घरातले डिजिटल फोटो नीट कसे सांभाळून ठेवता?

कर्वेरस्ता | शुक्र, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात २००४ पासूनचे डिजिटल फोटो आहेत. लेकीच्या बारशापासून ते तिच्या पदवीदान समारंभापर्यंत सगळे. पण ते चारी दिशांना पांगलेत. जुन्या लॅपटॉपमध्ये काही, ५०० जीबीच्या एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर बरेच, माझ्या आणि बायकोच्या गूगल फोटोजमध्ये गेल्या काही वर्षांचे, आणि आईच्या फोनमध्ये व्हॉट्सअॅपवर आलेले असंख्य. वडील मागच्या वर्षी गेले. त्यांचा फोन तसाच ठेवलाय, रोज चार्ज करतो. त्यात गावच्या घराचे आणि त्यांच्या मित्रांचे पुष्कळ फोटो आहेत, ते आमच्या दुसऱ्या कुणाकडेच नाहीत.

हार्ड डिस्क हल्ली सुरू होताना टकटक आवाज करते, त्यामुळे हे आता पुढे ढकलायचं नाही असं ठरवलंय. तुम्ही घरी काय करता? किती प्रती, कशावर, कुठे? पावसाळ्यात काय काळजी घेता? आणि माझ्यामागे लेकीलाही ते उघडता आले पाहिजेत.

---

टेबलफॅन | शुक्र, रात्री १०:०५

बाकी चर्चा नंतर. टकटक करणारी डिस्क आत्ता लावलेली असेल तर आधी काढा. तो आवाज बहुतेक वेळा आतलं हेड, म्हणजे माहिती वाचणारा भाग, अडखळतंय याचा असतो. प्रत्येक वेळी सुरू केली की धोका वाढतो.

नवीन डिस्क हातात आली की मगच जुनी लावायची. उघडली, तर ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते फोल्डर सर्वात आधी कॉपी करा. स्कॅन, डीफ्रॅग, दुरुस्तीचे प्रोग्राम काहीही चालवू नका. उघडलीच नाही तर तिथेच थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच, तो ऐकू नका. बाहेर काढली की आत बाष्प धरतं आणि उरलंसुरलंही जातं.

---

निवांत_नळस्टॉप | शुक्र, रात्री १०:११

एवढा कशाला विचार करायचा? सगळं गूगल फोटोजला टाका, विषय संपला. मी गेली कित्येक वर्षं तेच करतोय.

---

सई_पेठेतली | शुक्र, रात्री १०:३०

@निवांत_नळस्टॉप, विषय तिथे संपत नाही हो. गूगल फोटोज उत्तम आहे, शोधायला तर त्याला तोड नाही. पण तीन गोष्टी बघा.

एक, १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट जागा बंद झाली. आता १५ जीबी, आणि त्यात जीमेल आणि ड्राइव्हही आलं. दुसरं, तुम्ही 'स्टोरेज सेव्हर'वर असाल तर मूळ फोटो वर जातच नाही, दाबून लहान केलेला जातो. मोबाइलवर बघायला फरक कळत नाही, मोठी प्रिंट काढायला गेलं की कळतो. तिसरं आणि सर्वात महत्त्वाचं: ते सिंक आहे, म्हणजे एकीकडे केलेला बदल दुसरीकडेही होतो. अॅपमधून फोटो डिलीट केला की क्लाउडवरूनही जातो आणि फोनमधूनही. ट्रॅशमध्ये ६० दिवस असतो, मग कायमचा गेला. घरातल्या लहान मुलाच्या हातात फोन असतो तेव्हा हे आठवा.

म्हणून क्लाउड हवाच, पण *एक* प्रत म्हणून.

---

निवांत_नळस्टॉप | शुक्र, रात्री १०:४१

सिंकचा मुद्दा पटला. ते दोन्हीकडून जातं हे डोक्यात नव्हतं.

---

बिनतारी | शुक्र, रात्री ११:२०

यावर एक साधा नियम आहे, ३-२-१. प्रती तीन, माध्यमं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. पीटर क्रो नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो रूढ केला.

घरगुती भाषेत: लॅपटॉपमधली मूळ प्रत, एका हार्ड डिस्कवर दुसरी, आणि क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी तिसरी. लोक पहिल्या दोन करतात आणि 'घराबाहेर' टाळतात. माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. चोरी, आग, पाणी, वीज यातलं काहीही आलं तरी घरातल्या सगळ्या वस्तूंवर एकदमच येतं.

जागेचा हिशोबही सोपा आहे. मोबाइलचा फोटो सरासरी ५ एमबी धरला तर १ टीबीत साधारण २ लाख फोटो बसतात. जागा खातात ते व्हिडिओ. आयफोनवर फोर-के व्हिडिओ ३० फ्रेमने काढला तर मिनिटाला सुमारे १७० एमबी जातात, आणि तेही नव्या, कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये. त्यामुळे स्नेहसंमेलनाचा अख्खा नाच फोर-केमध्ये काढायची गरज नसते.

---

नारायणपेठ_जुनी | शनि, सकाळी ७:१५

'घराबाहेर' या शब्दावरून लिहावंसं वाटलं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा मी शाळकरी होते. आमचं घर नदीकडच्या बाजूला. माणसं वाचली, पण खालच्या खोलीतल्या लाकडी पेटीत आईचे अल्बम होते. काळ्या जाड कागदाचे, कोपऱ्यात फोटो खोचायचे, मध्ये पातळ बटर पेपर. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर सगळं एकजीव झालेलं. आईने एकेक पान सोडवायचा प्रयत्न केला, पण बटर पेपरबरोबर चेहरेच निघून येत होते. शेवटी तिने पेटी तशीच मिटली.

आज आमच्याकडे आईवडिलांच्या लग्नाचे जे पाच फोटो आहेत ते सांगलीच्या आत्याकडून आले. लग्नानंतर वडिलांनी हौसेने दोन संच काढून घेतले होते आणि एक बहिणीला पाठवला होता. त्या वेळी कुणाच्या मनात बॅकअप वगैरे नव्हतं. पण फोटो उरले ते दुसऱ्या गावी होते म्हणूनच.

माझ्या नातवाला मी हेच सांगते, तुझी ती डिस्क दुसऱ्या घरी ठेव.

---

सई_पेठेतली | शनि, सकाळी ८:०२

काकू, अंगावर काटा आला वाचून. तुमच्या आठवणींवर वेगळा धागा काढा ना, प्लीज.

---

विठ्ठलवाडीकर | शनि, सकाळी ९:३३

काकूंना दुजोरा. पुण्यात हे १९६१ ला संपलं असं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरी भागात पाणी शिरलं तेव्हा माझ्या मावसभावाचा तळमजल्यावरचा फ्लॅट त्यात होता. लॅपटॉप टेबलावर, बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही गढूळ पाण्यात. पाणी पहाटे आलं, अंगावरच्या कपड्यानिशी माणसं वर गेली, खण उघडायला वेळ कुणाला होता?

पाण्यात गेलेल्या डिस्कबद्दल तिथे शिकलेली एक गोष्ट: ती पुसून, हेअर ड्रायरने वाळवून चालू करून बघायची नाही. आत गाळ असतो, चालू केली की प्लेटवर ओरखडे पडतात. आहे तशी ओलसर, हवाबंद पिशवीत घालून रिकव्हरीवाल्याकडे न्यायची. त्याच्याकडे ती उघडायची सोय होती, बऱ्यापैकी फोटो परत मिळाले. लॅपटॉपमधले नाही मिळाले.

---

मोदकप्रेमी | शनि, सकाळी १०:१०

सगळे गंभीर झालात म्हणून विचारतो. आमच्या घरी दर गणपतीत एकाच मोदकाचे चाळीस फोटो निघतात, प्रत्येक नातेवाइकाकडून. त्यांचाही ३-२-१ करायचा का?

---

टेबलफॅन | शनि, सकाळी १०:१८

@मोदकप्रेमी, फोटोंचा करा किंवा नका करू, मोदकांची घराबाहेरची प्रत माझ्याकडे पाठवा.

पण प्रश्न खरा आहे. बरेच जण म्हणतात, आधी निवडानिवड करतो, मग बॅकअप घेतो. कृपया उलट करा. निवडायला बसलं की वर्ष जातं, आणि तोवर डिस्क जाते. आधी सगळं जसंच्या तसं कॉपी, मग सवडीने चाळणी.

---

अनामिका_औंध | शनि, सकाळी ११:४७

टेबलफॅनशी थोडी असहमत. आधी कॉपी हे बरोबर, पण चाळणी 'सवडीने' म्हटलं की ती होतच नाही. पन्नास हजार फोटो मुलांच्या हाती दिले तर ती ते उघडणारही नाहीत. मी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या महिन्याचे फोटो बसून बघते. सुप्रभात, स्क्रीनशॉट, बिलांचे फोटो, डोळे मिटलेले सगळे जातात. राहतात ते खरोखर बघितले जातात.

फोल्डरची नावं आम्ही '२०२३-११ दिवाळी कोकण' अशी ठेवतो. वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग. आपोआप क्रमाने लागतात आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं, कुठलं अॅप लागत नाही.

---

बिनतारी | शनि, दुपारी १२:३०

व्हॉट्सअॅपबद्दल कुणी बोललं नाही अजून. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्याच्या आतली माहिती, म्हणजे कधी काढला, कुठे काढला, ती पुसली जाते. लग्नाचे फोटो ग्रुपवर 'मिळाले' म्हणून मूळ कॅमेऱ्यातले कुणी घेतच नाही. कार्यक्रम झाला की चार दिवसांत ज्याने काढले त्याच्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन जा. नाहीतर निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

---

एरंडवणे_१२ | शनि, दुपारी ३:०५

मी सरळ दोन डिस्कवाला नॅस घेतला, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा साठवणीचा डबा. रेड लावलंय, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकच मजकूर एकदम लिहिला जातो. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं असतं. आता मला कशाचीच चिंता नाही.

---

टेबलफॅन | शनि, दुपारी ३:२२

@एरंडवणे_१२, नॅस छान, घरातल्या सगळ्यांचे फोन आपोआप त्यावर उतरतात. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. ती गाडीतली स्टेपनी आहे, गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही जाते. चुकून फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर दोन्हीकडे कुलूप. म्हणून नॅसचीही एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क काम झालं की *काढून* ठेवा. जोडलेली नसलेली डिस्क कुठल्याच व्हायरसला सापडत नाही.

---

एरंडवणे_१२ | शनि, दुपारी ४:००

दोघांचं एकच मत झालं तर धागा कसा चालायचा! पण तुमचं म्हणणं रास्त आहे. ४ टीबीची एक साधी डिस्क मागवतो आणि बहिणीकडे चिंचवडला ठेवतो.

---

जुनीसीडी | शनि, संध्या. ६:१५

मी २००६ ते २०१२ सगळं डीव्हीडीवर जाळलं होतं. गोदरेजच्या कपाटात, काळोखात, उभ्या ठेवलेल्या. बऱ्याच अजून चालतात. एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) वगैरेपेक्षा तेच बरं, असं माझं मत.

---

बिनतारी | शनि, संध्या. ६:५०

चालतात तोवर लगेच हार्ड डिस्कवर उतरवा. साध्या लिहिण्याच्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो, तो उष्णतेने, उजेडाने आणि दमटपणाने उतरतो. त्यात नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह मिळतो, तापकीर गल्लीत विचारा.

एसएसडीबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात, निदान कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी. त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षं वीज न देता ठेवली, त्यातही गरम जागी, तर तो भार गळतो. पेन ड्राइव्हचंही तेच. रोजच्या कामाला एसएसडी, कपाटातल्या प्रतीला फिरणारी हार्ड डिस्क. आणि तीही सहा महिन्यांनी एकदा लावून बघायची.

---

विठ्ठलवाडीकर | शनि, रात्री ८:२०

पावसाळ्याचं राहिलं. डिस्क झिपच्या जाड पिशवीत, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे ओल धरली की दिसतं. निळे गुलाबी होतात किंवा नारिंगी हिरवे. माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातही नको, श्रावणात तिथेच बुरशी धरते. आणि कॉपी चालू असताना वीज गेली तर अर्धवट फाइल राहते, म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.

---

सई_पेठेतली | शनि, रात्री ९:४५

कॉपी झाली हे तपासता कसं कुणी? मी फ्रीफाइलसिंक वापरते, फुकट आहे. दोन्ही फोल्डर आतल्या मजकुरासकट ताडून बघता येतात. तेवढं जमत नसेल तर निदान दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार सारखा आहे का बघायचा आणि मधले मधले दहा-वीस फोटो मोठे करून उघडायचे. छोटं चित्र दिसलं म्हणजे आतली फाइल धड आहे असं नसतं. उघडून न बघितलेल्या बॅकअपला मी बॅकअप मानत नाही.

---

अनामिका_औंध | शनि, रात्री १०:१०

तांत्रिक सगळं झालं, पण फोटोत कोण आहे हे कोण लिहिणार? माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांच्या जुन्या अल्बममधले फोटो आम्ही ६०० डीपीआयला स्कॅन केले. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात, पानासकट स्कॅन करा. मग टॅब घेऊन त्यांच्याशेजारी बसते. बोटांनी फोटो मोठा करतात, चष्मा वर सरकवतात, आणि "ही नव्हे गं ती, ही मिरजेची, हिच्या नाकात बघ, मोत्याची नथ, ती फक्त तिच्याकडेच होती" असं सुरू होतं. मी ते तसंच्या तसं फाइलच्या नावात आणि एका वहीत लिहिते. नथीवरून माणूस ओळखणारं आमच्या घरात दुसरं कुणी नाही. डिस्क पुन्हा विकत मिळेल, ही माहिती मिळणार नाही.

---

नारायणपेठ_जुनी | रवि, सकाळी ६:५०

अनामिका, फार मोलाचं काम करते आहेस. आवाजही रेकॉर्ड करून ठेव.

---

कर्वेरस्ता | रवि, सकाळी ९:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल २ टीबीच्या दोन डिस्क आणल्या. जुनी डिस्क उघडली, आणि टेबलफॅन यांनी सांगितलं तसं आधी २००४ ते २०१० उतरवून घेतलं. बाकीचं आता चालू आहे. एक डिस्क नाशिकला मेव्हण्याकडे जाईल, दर दिवाळीला अदलाबदल करू.

वडिलांच्या फोनचं मात्र कळत नाहीये. पिन माहीत आहे. त्यांचं गूगल खातं तसंच राहू दिलं तर चालेल ना?

---

सई_पेठेतली | रवि, सकाळी १०:००

राहू देऊ नका. दोन वर्षं कुणीच न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल फोटोंसकट काढून टाकू शकतं, तसं धोरण आहे. फोन उघडतोय तोवर केबलने त्यातला डीसीआयएम फोल्डर (कॅमेऱ्याचे फोटो त्यात असतात) आणि व्हॉट्सअॅपचा मीडिया फोल्डर पूर्ण कॉपी करून घ्या. क्लाउडवर जे आहे ते गूगल टेकआउटमधून, म्हणजे गूगलच्याच डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून, उतरवा. झिपचा आकार मोठा निवडा, ५० जीबीपर्यंत जातो, नाहीतर पन्नास तुकडे होतात. फोटोंबरोबर जेसन नावाच्या छोट्या फाइली येतील, त्या कचरा समजून उडवू नका. तारीख, ठिकाण आणि त्यांनी काही मजकूर लिहिला असेल तर तो त्यात असतो.

आणि स्वतःच्या खात्यात 'इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' लावून ठेवा. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुमची लेक ते उतरवून घेऊ शकेल. आयफोन असेल तर त्यासाठी तशीच 'लेगसी कॉन्टॅक्ट' नावाची सोय आहे. नाशिकच्या डिस्कला पासवर्ड लावणार असाल तर तो कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. पासवर्ड फक्त तुमच्या डोक्यात असेल तर ती प्रत तुमच्यानंतर कुणाच्याच कामाची नाही.

---

कर्वेरस्ता | रवि, सकाळी १०:१२

आजच करतो. त्यांना फोटोखाली लिहायची सवय होती. त्या जेसन फाइली जपून ठेवीन.

---

हौशी_हडपसर | रवि, दुपारी १:४०

धागा उशिरा पाहिला. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मिनी डीव्ही टेपचं कुणाला माहीत आहे का? मुलाच्या मुंजीच्या सात टेप आहेत. कॅमेरा आहे, पण बरीच वर्षं चालू केलेला नाही.

---

टेबलफॅन | रवि, दुपारी २:१५

तुमच्या कॅमेऱ्यातच टेप लागेल आणि फायरवायर केबल (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची जुन्या प्रकारची) लागेल, नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं. जुना डेस्कटॉप किंवा फायरवायर कार्ड शोधावं लागेल. एक तासाची टेप उतरवायला एक तासच लागतो आणि साधारण १३ जीबी जागा. मुंजीची टेप पहिल्यांदा घालू नका. रिकामी किंवा नको असलेली टेप घालून पुढे-मागे नीट फिरते का बघा. कॅमेऱ्यात टेप अडकते ती बहुतेक पहिल्याच वेळी. माझ्याकडे फायरवायर असलेला जुना पीसी आहे, हडपसरहून कोथरूडला यायची तयारी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.